प्लँटर म्हणजे शेतकरी नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेच्या स्वातंत्र्याला अडीचशे वर्षं झाली म्हणून जो मोठा लेख आलाय, त्यातला कर्नल विल्यम वॉशिंग्टनवरचा भाग मी दोनदा वाचला. पहिल्यांदा आनंदच झाला, कारण जॉर्ज वॉशिंग्टन सगळ्यांना माहीत, पण त्याचा हा लांबचा चुलतभाऊ, घोडदळातला, साउथ कॅरोलायनात लढलेला, त्याच्यावर मराठी पेपरात कुणी लिहील असं मला वाटलंच नव्हतं. लेखकानं लढायांचं वर्णन मन लावून केलंय, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण शेवटी एक वाक्य आहे, की युद्ध संपल्यावर त्यानं तलवार ठेवली आणि तो साधा शेतकरी म्हणून जगला, पुढे आमदारही झाला. हे वाचून माझं डोकं जे फिरलं ते अजून ठिकाणावर आलेलं नाही, म्हणून हे पत्र. पत्र लांबलंय, पण कापू नका ही विनंती.

साधा शेतकरी हा शब्द कुठून आला ते कळतंय. मूळ इंग्रजीत प्लँटर असणार आणि डिक्शनरीत बघितलं तर लागवड करणारा, म्हणजे मग शेतकरीच की. पण प्लँटर म्हणजे शेतकरी नव्हे हो. मी शेतकऱ्याच्या घरात वाढले, लावणीला वाकून वाकून कंबर धरणं म्हणजे काय ते मला माहितीय, आणि विल्यम वॉशिंग्टन त्याच्या खाचरात एक दिवससुद्धा वाकला नाही. बागायतदार म्हटलं तरी पुरत नाही, जमीनदार म्हटलं तर जरा जवळ जातं, तरीही पूर्ण नाही, कारण जमीनदाराकडे जमीन असते आणि प्लँटरकडे जमिनीबरोबर माणसं असायची, विकत घेतलेली किंवा वारसाहक्कानं आलेली, आणि इस्टेटीची यादी करताना ती माणसं घोडे, बैल, खाटा, भांडी यांच्याच यादीत लिहिली जायची.

आता साधा हिशेब बघा. हा माणूस जन्मला १७५२ मध्ये व्हर्जिनियात, स्टॅफर्ड काउंटीत, आणि गेला १८१० मध्ये. सैन्यात शिरला १७७६ ला, पकडला गेला १७८१ ला, म्हणजे लढला जेमतेम सहा वर्षं. त्यानंतर जगला अठ्ठावीस वर्षं. तुमच्या लेखात सहा वर्षांना जवळपास अर्धं पान आणि अठ्ठावीस वर्षांना एक ओळ, आणि त्या ओळीतलाही मुख्य शब्द चुकलेला.

लढाईतलं शौर्य मला नाकारायचं नाही, ते आधी स्वच्छ सांगते. मुळात त्याला चर्चमध्ये पाद्री व्हायचं होतं, त्याचं शिक्षणही चालू होतं, पण लढाई सुरू झाली आणि तो व्हर्जिनियाच्या पायदळात कॅप्टन झाला. २६ डिसेंबर १७७६ ला ट्रेंटनमध्ये बर्फात भल्या सकाळी रस्त्यावर जर्मन भाडोत्री सैन्याच्या दोन तोफा उभ्या होत्या, त्यावर यानं आणि जेम्स मन्रोनं धाव घेतली, दोघंही जखमी झाले, तोफा घेतल्या, आणि तो मन्रो म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेलाच. मग हा घोडदळात गेला. १७७९ च्या शेवटी त्याला दक्षिणेत पाठवलं आणि तिथं १७८० मध्ये जबर मार खाल्ला, एप्रिलमध्ये मंक्स कॉर्नरला टार्लटन या ब्रिटिश घोडदळाच्या अधिकाऱ्यानं मध्यरात्रीनंतर गाठून घोडेच्या घोडे नेले, हा दलदलीतून निसटला, मेमध्ये सँटी नदीच्या उतारावर पुन्हा तेच, या वेळी पोहून जीव वाचवला. तरी खचला नाही. डिसेंबरमध्ये रुजलीच्या गिरणीपाशी ब्रिटिशांच्या बाजूचे शंभरावर लोक एका मजबूत कोठारात मोर्चा धरून बसलेले आणि याच्याकडे तोफ नाही, तर यानं पाइनचा एक ओंडका तासून तोफेसारखा रचून त्यांच्यावर रोखला आणि शरण या म्हणून निरोप पाठवला, आणि ते आलेसुद्धा! एक गोळी न झाडता. हा प्रसंग तुमच्या लेखात आहे आणि छान लिहिलाय.

पण त्याच महिन्याच्या शेवटी हॅमंड्स स्टोअरला काय झालं ते लेखात नाही. तिथं याच्या स्वारांनी ब्रिटिशांच्या बाजूच्या अमेरिकन लोकांवर झडप घातली, दीडशेच्या आसपास लोक मेले किंवा जखमी झाले, चाळीसेक पकडले, आणि याच्या बाजूचं कुणीच पडलं नाही. ज्यात एका बाजूचे दीडशे पडतात आणि दुसऱ्या बाजूचा एकही नाही त्याला लढाई म्हणायला माझी जीभ वळत नाही. दोन्ही बाजूंनी त्या प्रदेशात असंच चाललं होतं, शेजारी शेजाऱ्याला मारत होता. टार्लटनला क्रूर म्हणायचं आणि आपल्या हिरोचं हे पान उलटून पुढे जायचं, हे बरोबर नाही.

आता काउपेन्स, १७ जानेवारी १७८१. नावाचा अर्थच गुरांची गोठणं, खरंच तिथं गुरं गोळा करून ठेवायचे. माझी मुलगी तिकडे नॉर्थ कॅरोलायनात असते, तिच्याकडे गेले होते तेव्हा आम्ही दोघी गाडीनं ते मैदान बघायला गेलो. उघडं गवत, तुरळक झाडं, किंचित चढउतार, बाकी काही नाही. अमेरिकन सेनापती मॉर्गननं आधी गावकरी निशाणबाज पुढे ठेवले, दोन फैरी झाडा आणि मागे या म्हणून सांगितलं, ब्रिटिशांना वाटलं हे पळाले, ते धावत सुटले, आणि चढाच्या मागे लपवून ठेवलेलं वॉशिंग्टनचं घोडदळ त्यांच्या बगलेवर येऊन आदळलं. तासाभरात खेळ आटोपला. ब्रिटिशांचे शंभरावर मेले आणि पाचशेच्या वर कैद झाले. अमेरिकेच्या काँग्रेसनं मार्चमध्ये मॉर्गनला सोन्याचं आणि वॉशिंग्टनला चांदीचं पदक मंजूर केलं.

ब्रिटिशांचा सेनापती इथंही तोच टार्लटन, शेवटी तो थोडे स्वार घेऊन पळाला तर वॉशिंग्टन एकटाच आपल्या लोकांच्या खूप पुढे त्याच्या मागे गेला. समोरचे अधिकारी वळले. याची तलवार मुठीपाशी तुटली, हातात नुसती मूठ राहिली, आणि एक ब्रिटिश अधिकारी त्याच्यावर वार करणार तेवढ्यात याचा एक पोऱ्या, हाताखालचा नोकर, तलवार पेलायलाही लहान असं जुन्या वर्णनात म्हटलंय, तो मध्ये आला आणि त्यानं पिस्तूल झाडून त्या अधिकाऱ्याला जखमी केलं. म्हणून विल्यम वॉशिंग्टन वाचला. म्हणून पुढची एकोणतीस वर्षं झाली, लग्न झालं, मुलं झाली, आमदारकी झाली. त्या जुन्या वर्णनात कर्नलचं नाव आहे, टार्लटनचं आहे, दुसरा वार अडवणारा सार्जंट मेजर पेरी, त्याचंही नाव आहे. पोऱ्याचं नाव नाही.

आणि आता संपादकसाहेब, तुमच्या चित्राबद्दल. लेखाबरोबर विल्यम रॅनी या चित्रकाराचं १८४५ चं काउपेन्सचं चित्र छापलंय, मधे पांढऱ्या घोड्यावर कर्नल. मूळ चित्रात डाव्या बाजूला घोड्यावर एक कृष्णवर्णीय तरुण आहे, हात लांब करून पिस्तूल झाडतोय, तोच हा पोऱ्या. लढाईनंतर चौसष्ट वर्षांनी का होईना पण चित्रकारानं त्याला जागा दिली. तुमच्या पेपरात कॉलमच्या मापात बसवण्यासाठी चित्र डावीकडून कापलंय. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, पानं लावताना अशी कापाकापी होते हे मला कळतं. पण कापायची वेळ आली तेव्हा कापली कोणती बाजू, ते एकदा मूळ चित्र शेजारी ठेवून बघा.

काउपेन्सनंतर गिलफर्ड, हॉबकर्क्स हिल, आणि शेवटी ८ सप्टेंबर १७८१ ला युटॉ स्प्रिंग्ज. तिथं दाट झुडपांत घोडदळ अडकलं, याचा घोडा गोळी लागून पडला, हा त्याच्याखाली अडकला, संगिनीचा वार बसला आणि पकडला गेला. युद्ध संपेपर्यंत चार्ल्स्टनच्या हद्दीत कैदी. कैदेत असतानाच २१ एप्रिल १७८२ ला त्याचं जेन एलियटशी लग्न झालं. त्यांची गोष्ट तिकडे फार आवडीनं सांगतात, की याच्या पलटणीला निशाण नाही हे बघून जेननं घरातल्या किरमिजी दमास्क कापडाचा तुकडा कापून दिला आणि तोच काउपेन्सला आणि युटॉला फडकला. ते निशाण जेननं जपून ठेवलं आणि १८२७ मध्ये, म्हातारपणी, चार्ल्स्टनच्या एका पलटणीच्या हवाली केलं. मला ही गोष्ट आवडते, खोटं कशाला बोलू.

पण जेन नुसतं निशाण घेऊन आली नव्हती. ती एलियट घराण्याची वारस होती, सँडी हिल नावाची मोठी इस्टेट तिच्या घराची, आणि तेव्हाच्या कायद्यानं लग्न झालं की बायकोची जंगम मालमत्ता नवऱ्याची होई आणि जमिनीचा कारभारही त्याच्याच हाती जाई. गुलाम म्हणजे मालमत्ताच. व्हर्जिनियातून घोड्यावर आलेला अधिकारी साउथ कॅरोलायनाचा प्लँटर झाला तो असा. त्यानं तलवार ठेवून नांगर वगैरे धरला नाही.

त्या भागात पीक काय, तर भात. हे आपल्याकडच्या फार कमी लोकांना माहीत असतं की कॅरोलायनाची सगळी श्रीमंती भातावर उभी होती. आणि भात पिकवायचं ज्ञान इंग्लंडातून आलेल्या गोऱ्यांकडे कुठून असणार? ते आलं आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून, सेनेगांबियापासून सिएरा लिओनपर्यंतच्या भात पिकवणाऱ्या मुलखातून, जहाजाच्या पोटात साखळीनं बांधून आणलेल्या माणसांबरोबर. आधी सायप्रस नावाच्या झाडांनी भरलेली दलदल तोडायची, मुळं काढायची, मातीचे लांबच लांब बांध घालायचे, बांधात लाकडी मोऱ्या बसवायच्या, ज्यांचं दार वर खाली करून पाणी आत घ्यायचं, सोडायचं. तिकडे त्या मोरीला ट्रंक म्हणतात. पेरणी झाली की पाणी, मोड आला की काढायचं, कोळपणी, पुन्हा पाणी, पुन्हा काढायचं, पुन्हा कोळपणी, पोटरीत आला की शेवटचं पाणी कापणीपर्यंत ठेवायचं. गुडघाभर चिखल, डास, साप, मगरी. मग कापणी, झोडपणी, गवताच्या गोल पसरट सुपात पाखडणी, आणि उखळात मुसळानं कांडणं. कांडणीचं काम सर्वात जीवघेणं, मोसमात पहाटे आणि पुन्हा संध्याकाळी, शेतातल्या कामाच्या वर. १७८७ मध्ये जोनाथन लुकसनं सँटीवर पाण्यावर चालणारी भात-गिरणी बसवली तोवर बहुतेक सगळं असंच हातानं.

तिथं कामाची पद्धत होती तिला टास्क म्हणत. एका माणसाला एका दिवसात पाव एकर कोळपायचं, ते झालं की दिवस सुटला. पण हे माप पूर्ण माणसाचं. अर्धवट वयाचं मूल म्हणजे अर्धा हात नाहीतर पाव हात, म्हातारी बाई म्हणजे अर्धा हात, असंच वहीत लिहायचे, माणसं हातात मोजायचे. मी आयुष्यभर बँकेत लेजर लिहिलंय, आकडे हे माझं कामच होतं, पण पाव हात हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं.

आणि मालक कुठं? मे महिना लागला की मलेरियाच्या भीतीनं प्लँटर मंडळी इस्टेट सोडून शहरात समुद्रकाठी यायची ती थंडी पडेपर्यंत. विल्यम वॉशिंग्टननं १७८५ मध्ये चार्ल्स्टनला ८, साउथ बॅटरी हे घर घेतलं, क्रांतीच्या आधीचं, १७६८ च्या सुमाराचं, आजही उभं आहे. आम्ही त्या समोरून चालत गेलो. समोर बाग, पलीकडे पाणी, वारा सुंदर. भात पोटरीत यायचा तेव्हा मालक इथं असायचा आणि पाव हात तिकडे.

त्याच शहरात जुन्या विटांच्या भिंतींमध्ये काही विटांवर बोटांचे ठसे आहेत. वीट ओली असताना साच्यातून काढून वाळत टाकताना उमटलेले. मुलीनं एका विटेवर तिचं बोट ठेवून बघितलं, बसेना, ठसा खूपच लहान होता. मग मी करंगळी ठेवली, तीही मोठी झाली.

आमदार या शब्दाबद्दलही बोलायला हवं, कारण तोही तुमच्या लेखात फार सोज्वळपणे आलाय. १७८७ ते १८०४ हा माणूस राज्याच्या विधिमंडळात होता, आधी खालच्या सभागृहात, मग सिनेटमध्ये. त्याला गव्हर्नर होण्याची गळ घातली होती तर त्यानं नाही म्हटलं, मला भाषण करता येत नाही म्हणाला. त्याच्या काळातला दुसरा घोडदळ अधिकारी हेन्री ली यानं त्याचं वर्णन केलंय, सहा फूट उंच, रुंद, धिप्पाड, डोक्यापेक्षा शरीराच्या कामात जास्त रमणारा, उदार आणि सरळ स्वभावाचा. मला हे सगळं खरं वाटतं. गव्हर्नरकी नाकारणारा माणूस आजच्या काळात तर दुर्मीळच.

पण ते विधिमंडळ कसं होतं? राज्याच्या १७९० च्या घटनेत लिहिलंय की खालच्या सभागृहात बसायचं तर माणसाकडे पाचशे एकर जमीन आणि दहा निग्रो पाहिजेत, किंवा मग कर्जमुक्त दीडशे पौंडांची स्थावर मालमत्ता. घटनेतच! दहा माणसांची मालकी ही उमेदवारीची पात्रता. किनाऱ्याजवळच्या प्लँटरांच्या भागाला गोऱ्या लोकसंख्येच्या मानानं जागा खूप जास्त, आणि गव्हर्नर लोकांनी निवडायचा नाही, या विधिमंडळानंच निवडायचा. १७९० च्या शिरगणतीत राज्यात दोन लाख एकोणपन्नास हजार माणसं आणि त्यातले एक लाख सात हजार गुलाम. या एक लाख सात हजारांच्या वतीनं त्या सभागृहात बोलणारं कुणी नव्हतं, त्यांचे मालकच तिथं बसलेले. म्हणून लोकप्रतिनिधी हा शब्द मला तरी तिथं लावता येत नाही.

आणि त्या सतरा वर्षांत तिथं कायदे काय झाले? १८०० मध्ये गुलामाला मुक्त करणं अवघड करणारा कायदा झाला, आता मालकाला वाटलं म्हणून सोडता येईना, मॅजिस्ट्रेट आणि पाच जमीनदारांची समिती ठरवणार. १७८७ मध्ये बाहेरून गुलाम आणायला बंदी घातली होती ती डिसेंबर १८०३ मध्ये उठवली. पुढच्या चार वर्षांत, १ जानेवारी १८०८ ला साऱ्या देशात बंदी लागू होईपर्यंत, एकट्या चार्ल्स्टन बंदरात जवळपास चाळीस हजार माणसं उतरवली. गॅड्सडेन्स व्हार्फ नावाचा जो धक्का त्यासाठी वापरला तिथं आता २०२३ पासून आफ्रिकन अमेरिकन लोकांचं मोठं म्युझियम आहे, इमारत खांबांवर उचललेली आहे, म्हणजे ती जमीन तशीच मोकळी राहावी म्हणून. तिथं मी फार वेळ उभी राहू शकले नाही.

मला माहितीय, यावर कुणीतरी लिहील की बाई, त्या काळी सगळेच तसे होते, आजच्या मापानं तेव्हाच्या माणसाला मोजू नका. बरं, तेव्हाच्याच मापानं मोजू. जॉन लॉरेन्स हा याच साउथ कॅरोलायनाचा, बापानं गुलामांच्या व्यापारात पैसा केलेला, स्वतः लढाईत पुढे असणारा लेफ्टनंट कर्नल. त्यानं सुचवलं की तीन हजार गुलामांची पलटण उभी करा आणि युद्धानंतर त्यांना मुक्त करा. मार्च १७७९ मध्ये काँग्रेसनं तशी शिफारसही केली. साउथ कॅरोलायनाच्या विधिमंडळानं ती फेटाळली. १७८२ च्या सुरुवातीला जॅक्सनबरोला विधिमंडळ भरलं तेव्हा त्यानं पुन्हा मांडली, पुन्हा फेटाळली, आणि ऑगस्टमध्ये तो लढाईत मेला, सत्तावीस वर्षांचा. उलट त्याच राज्यात सम्टर या अमेरिकन सेनानीच्या पलटणीत भरती होणाऱ्या शिपायाला पगार म्हणून काय कबूल केलं होतं, तर शत्रूपक्षाच्या लोकांकडून जप्त केलेला एक गुलाम. विल्यम वॉशिंग्टनचे स्वार त्या पलटणीतले नव्हते, तेवढं त्याच्या बाजूनं सांगते. आणि थोरला चुलतभाऊ जॉर्ज, त्यानंही जन्मभर गुलाम ठेवले, पण १७९९ च्या मृत्युपत्रात आपल्या मालकीच्या लोकांची मुक्तता लिहून गेला. म्हणजे प्रश्न तेव्हाही घरात, सभागृहात, छावणीत विचारला जात होता. उत्तरं वेगवेगळी दिली गेली, आणि ज्यानं जे दिलं त्याची नोंद ठेवायला काय हरकत आहे?

गुलाम स्वतः काय म्हणत होते तेही ऐकायला हवं. ब्रिटिश डिसेंबर १७८२ मध्ये चार्ल्स्टन सोडून गेले तेव्हा त्यांच्या जहाजांतून पाच हजारांच्या आसपास कृष्णवर्णीय गेले, त्यातल्या पुष्कळांना पुढे वेस्ट इंडिजमध्ये पुन्हा गुलामीच मिळाली, पण त्या शहराबाहेर काढणाऱ्या जहाजाकडे ज्यांनी धाव घेतली ते कशापासून पळत होते? स्वातंत्र्याचं युद्ध जिंकलेल्या लोकांपासून.

मे १७९१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन दक्षिणेच्या दौऱ्यावर आला. खासगी घरी उतरायचं नाही हा त्याचा नियम, तो मोडून ९ मेला सँडी हिलला या चुलतभावाकडे जेवला आणि मुक्काम केला, डायरीत नोंद आहे. पुढे त्यानं रॉयल गिफ्ट नावाचं आपलं नामांकित गाढवही तिकडे पाठवलं. स्पेनच्या राजानं भेट दिलेलं, १७८५ मध्ये समुद्रावरून आलेलं, खेचरांची पैदास करण्यासाठी. विल्यमला घोड्यांचा शौक होताच, त्यानं ते सांभाळलं. प्रवासात ते लंगडं झालं, त्याच्या तब्येतीबद्दल, कमाईबद्दल पत्रं गेली आली, १७९६ मध्ये ते मेलं. हे सगळं आज आपल्याला कळतं कारण ते लिहून ठेवलंय. गाढवाचं नाव, वय, देश, आजार, मरण. ज्या पोऱ्यानं काउपेन्सला मालकाचा जीव वाचवला त्याच्याबद्दल एवढंच की तो तलवार पेलायला लहान होता. मला याचा त्रास होतो, आणि तो त्रास मी लपवत नाही.

शेवटची गोष्ट, जी मला तिथं गेल्यावरच समजली. विल्यम वॉशिंग्टन ६ मार्च १८१० ला वारला आणि त्याला चार्ल्स्टनच्या पश्चिमेला, रँटोल्सजवळ एलियटांच्या कबरस्तानात पुरलं. त्याच परिसरात, स्टोनो नदीच्या बाजूला, त्याच्या जन्माच्याही तेरा वर्षं आधी, ९ सप्टेंबर १७३९ च्या रविवारी वीसेक गुलाम जमले, त्यांनी एका दुकानातल्या बंदुका आणि दारूगोळा घेतला आणि दक्षिणेला स्पॅनिश फ्लोरिडाकडे निघाले, तिकडे पोचलं तर मुक्ती आहे असं त्यांना कळलं होतं. वाटेत गोरी माणसं मारली, वीसच्या वर. त्यांची संख्या वाढत गेली. हातात निशाण होतं, ढोल वाजवत होते आणि लिबर्टी, लिबर्टी असं ओरडत चालले होते. त्याच दिवशी त्यांना गाठून मोडलं, पुढच्या वर्षी १७४० चा कायदा झाला, गुलामांना लिहायला शिकवायचं नाही, जमू द्यायचं नाही, ढोल वाजवू द्यायचे नाहीत. विल्यम वॉशिंग्टन आमदार असतानाची सगळी वर्षं हाच कायदा राज्यात चालू होता. जेननं कापून दिलेलं निशाण आजही लोकांना माहितीय. १७३९ च्या त्या निशाणाचं कापड कुठलं, रंग कुठला, कुणी शिवलं, काहीही उरलेलं नाही, आणि ते पहिल्यांदा लिबर्टी म्हणत ज्या रस्त्यानं निघालं त्याच्या जवळच हा कर्नल झोपलाय.

माझी मागणी फार नाही. पहिली, येत्या रविवारी दुरुस्ती छापा, साधा शेतकरी हे शब्द काढा आणि तिथं गुलामांच्या श्रमावर भाताची इस्टेट चालवणारा प्लँटर असं सरळ लिहा, मराठीत शब्द नसेल तर प्लँटरच ठेवा आणि अर्थ खाली द्या. आणि दुसरी, रॅनीचं ते चित्र पुन्हा छापा, आडवं, पूर्ण, जागा लागली तर माझं पत्र कापा, मी काही म्हणणार नाही. फक्त डावी बाजू ठेवा.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त बँक कर्मचारी